तळ्यांच्या मुलखातलं विशेषण

नागपूरहून भंडाऱ्याला जाताना, वैनगंगेच्या अलीकडे शहापूर लागतं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जमिनीचा उतार हेरून, मातीच्या पाळी घालून कोहळी शेतकऱ्यांनी इथे गोंडकाळापासून पाणी अडवलं. 1950 नंतर मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली आणि हे 'माजी मालगुजारी' तलाव सगळ्यांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. या मुलखाला चपखल बसेल असं एक विशेषण इंग्रजीत आहे: लॅकस्ट्रिन. लॅटिन 'लॅकस' म्हणजे तळं, त्यावरून आलेलं.

त्याचे अर्थ तीन दिशांनी फाकतात. तळ्यात वाढणारं कमळ, शिंगाडा लॅकस्ट्रिन. तळ्याकाठची प्राचीन वस्तीही लॅकस्ट्रिन. 1854 मध्ये झुरिक सरोवराचं पाणी ओसरलं आणि अशाच एका वस्तीचे लाकडी खांब उघडे पडले. तिसरा अर्थ भूशास्त्राचा: तळ्याच्या बुडाशी थरावर थर बसलेला गाळ.

गंमत अशी की रोजच्या बोलण्यातलं नाम 'लेक' आणि विशेषण मात्र थेट लॅटिन वळणाचं. 'मून'चं 'लूनर', 'माउथ'चं 'ओरल' तसंच. मराठीही हेच करते! दात आपले, विशेषण दंत्य, ओठ आपले, विशेषण ओष्ठ्य, पाण्याचं जलीय. घरातलं नाम शास्त्राच्या दारात गेलं की संस्कृत वेष घालतं.

या विशेषणाची खरी ताकद पाहायची तर नागपूरजवळच्या टाकळीला जावं. 1850च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी तिथल्या खडकांतल्या जीवाश्मांचा अभ्यास केला. लाव्हाच्या दोन थरांमधल्या अशा खडकांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन बसलेले सापडतात. वाहती नदी वाळू, गोटे टाकून जाते; थांबलेल्या पाण्यात चिखलाचा बारीकातला बारीक कणही निवांत खाली बसतो. कण पाहायचा, शंख पाहायचा, मग त्या थराला लॅकस्ट्रिन म्हणायचं. त्या एका शब्दात केवढं विधान आहे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या उसंतीत, या भूमीवर तळं होतं आणि त्यात जीव नांदत होते.

म्हणून हे विशेषण शोभेसाठी वापरू नये. तलावाकाठच्या हॉटेलला किंवा तिथल्या संध्याकाळीला ते शोभत नाही. वैनगंगेच्या वाळूलाही नाही. नदीच्या गाळासाठी 'फ्लूव्हियल' हा वेगळा शब्द आहे. पण मामा तलावातून उपसून शेतात टाकलेल्या काळ्या, मऊ गाळाला मात्र ते हक्कानं लावावं. तो गाळ अस्सल लॅकस्ट्रिन आहे.