दहा रुपयांचा दंड आणि एक मोठा वाद

दोस्तांनो, रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घ्या आणि चिपळूणवर बोट ठेवा. आता बोट पश्चिमेला गुहागरकडे न्या. त्या तालुक्यातल्या कोतळूक गावी १८६६ साली गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. मग वर उत्तरेला, दापोलीकडे चला. तिथलं मुर्डी हे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं गाव, जन्मसाल १८७६. आता सरळ खाली दक्षिणेला या. रत्नागिरी शहरात १८५६ साली बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला.

तिघेही एकाच जिल्ह्यातले, तिघेही गणितात हुशार आणि तिघेही पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले. पण एका प्रश्नावर त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होती. प्रश्न असा : विद्यार्थी निषेध करायला उभे राहिले, तर कॉलेजने काय करावं?

हा प्रश्न १९०५ साली पेटला. अगदी खराखुरा पेटला, बरं का! त्या वर्षी इंग्रज सरकारने बंगालची फाळणी जाहीर केली. लोक खवळले. परदेशी मालावर बहिष्कार घालायचा, असं कोलकात्याच्या सभेत ७ ऑगस्टला ठरलं. त्याचे पडसाद पुण्यात उमटले. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. पुढाकार फर्ग्युसनच्या एका बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा होता. त्याचं नाव विनायक दामोदर सावरकर. टिळकही या होळीला हजर होते.

मग कॉलेजने काय केलं? सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकलं. हा निर्णय घेणारे प्राचार्य होते रघुनाथराव परांजपे. वय अवघं एकोणतीस!

आता तुम्ही म्हणाल, काय हा भित्रा माणूस! थांबा हं. हेच परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’ झाले होते. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ती सोडून ते फर्ग्युसनमध्ये थोडक्या पगारावर राबायला आले. मग अशा माणसाने दंड का केला?

परांजपे गोखल्यांच्या मवाळ विचारांचे होते. या मंडळींचं म्हणणं असं, की कॉलेज हे शिकण्याचं ठिकाण आहे. शिकण्याच्या वयात मुलांनी चळवळीत उडी घेऊ नये. शिवाय कॉलेजला सरकारचं अनुदान मिळत होतं. सरकारची मर्जी गेली आणि कॉलेजच बंद पडलं, तर शेकडो मुलांनी जायचं कुठे?

टिळकांना हे मुळीच पटलं नाही. १८८५ साली फर्ग्युसन उभं करणाऱ्यांत ते स्वतः होते, हे लक्षात घ्या. ‘केसरी’तून त्यांनी या शिक्षेवर कडाडून टीका केली. ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ हा त्यांचा मथळा तेव्हा फार गाजला. देशावर अन्याय होत असताना तरुणांनी फक्त पुस्तकात डोकं खुपसून बसायचं का? आणि वाटेल त्या कारणासाठी मुलांना शिक्षा करणाऱ्याला गुरू कसं म्हणायचं? टिळकांच्या बाजूचा सवाल असा होता.

बंगालमध्ये तर याहून कडक प्रकार झाला. चळवळीत भाग घेणाऱ्या मुलांना आवरा, नाहीतर अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद, असं परिपत्रकच सरकारने काढलं. रंगपूरच्या मुलांना दंड झाला, तेव्हा लोकांनी तिथे स्वतःची राष्ट्रीय शाळा काढली. शिक्षेने चळवळ थांबली नाही, उलट वाढली.

सावरकरांचं पुढे काय झालं? वसतिगृह सुटलं, पण परीक्षेला बसता आलं आणि ते बी. ए. झाले. १९११ साली मुंबई विद्यापीठाने ती पदवी काढून घेतली आणि १९६० साली, स्वातंत्र्यानंतर, परत दिली. म्हणजे त्याच विद्यापीठाने एकदा एक ठरवलं आणि पुढे बरोब्बर उलट! सरकारने त्यांना १९२४ ते १९३७ स्थानबद्ध ठेवलं, तेही आपल्याच रत्नागिरीत.

हा वाद जगभर झालाय. १९६५ साली अमेरिकेत डी मॉईन गावातली काही शाळकरी मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत आली. शाळेने त्यांना घरी पाठवलं. त्यांत मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ साली मुलं जिंकली. न्यायालय म्हणालं, वर्गाच्या कामात अडथळा येत नसेल, तर शांतपणे मत दाखवण्याचा हक्क मुलांनाही आहे.

आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले विद्यार्थी २०१५ साली अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवस संपावर होते. तेव्हा लोकांत पुन्हा दोन तट पडले. काही म्हणाले, ‘सरकारच्या पैशावर शिकता, मुकाट्याने शिका.’ काही म्हणाले, ‘विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय संस्था चालते कशी?’ एकशे दहा वर्षांनी प्रश्न तोच!

फरक एक आहे. १९०५ साली राज्य परक्याचं होतं. आज नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडा. संविधानाच्या १९व्या कलमाने आपल्याला बोलण्याचं आणि शस्त्राशिवाय शांततेने जमण्याचं स्वातंत्र्य दिलंय. सोबत वाजवी बंधनंही आहेत. म्हणून विद्यार्थ्याने तोडफोड केली, कुणाला मारलं किंवा परीक्षेला जाणाऱ्याची वाट अडवली, तर तो हक्क राहत नाही. आणि कॉलेजने नुसती घोषणा दिली म्हणून कुणाचं वर्ष बुडवलं, तर ती शिस्त राहत नाही. भांडण होतं ते या दोन टोकांच्या मधल्या जागेत. तिथे आधी मुलांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकायचं, की आधी नोटीस काढायची, यावर पुष्कळ काही ठरतं.

चिपळूणकर दोस्तांनो, उद्या तुम्ही दातार-बेहेरे-जोशी महाविद्यालयात जाल, नाहीतर मुंबई-पुण्याला. तिथे हा प्रश्न कधी ना कधी तुमच्यापुढे येईलच. त्याआधी एक करा. वर्गात दोन गट पाडा. एकाने परांजप्यांची बाजू घ्यायची, दुसऱ्याने टिळकांची. माहिती हवी असेल तर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जा. ते १८६४ सालचं आहे, म्हणजे या वादापेक्षाही म्हातारं! आणि गंमत म्हणजे, अर्धा तास झाला की बाजू बदला. स्वतःच्या मताविरुद्ध बोलताना तुमची कशी त्रेधा उडते, ते बघाच!