गुणवत्ता, अनुभव आणि जुळलेला संघ

एप्रिल २०१५. अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यात केंटकीचा संघ उतरला, तेव्हा त्या मोसमातले ३८ पैकी ३८ सामने त्याने जिंकले होते. शाळा संपवून नुकतीच आलेली, एनबीए या व्यावसायिक लीगच्या उंबरठ्यावरची मुले त्यात होती. समोर विस्कॉन्सिनचा चौथ्या वर्षाचा फ्रँक कमिन्स्की. पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्यामागे दोन गुणांचीही नव्हती. चौथ्या वर्षी ती अठराच्या पुढे गेली. ऐन मोक्याच्या वेळी केंटकीला ३५ सेकंदांच्या मुदतीत शॉट घेणेही जमेना. विस्कॉन्सिनने सामना ७१-६४ असा जिंकला.

गुणवत्ता की अनुभव, या पेचाच्या मुळाशी एक नियम आहे. २००६ पासून अमेरिकी मुलांना शाळेतून थेट एनबीएत जाता येत नाही. मध्ये एक वर्ष जावे लागते. त्यामुळे सर्वांत गुणी मुले महाविद्यालयात येतात आणि बहुधा एका मोसमात निघून जातात. केंटकीचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी दरवर्षी अशांचा नवा संघ उभारला आणि २०१२ मध्ये विजेतेपदही मिळवले. पण बचावात कोणी कुणाची जागा घ्यायची, हे एकत्र खेळूनच अंगवळणी पडते. मार्चमध्ये सुरू होणाऱ्या बाद फेरीत तर एक पराभव झाला की मोसम संपतो.

मग अनुभवच श्रेष्ठ म्हणायचा का? तसेही नाही. विस्कॉन्सिनला दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात ड्यूकने ६८-६३ असे हरवले आणि ड्यूकच्या ६८ पैकी ६० गुण पहिल्या वर्षाच्या मुलांचे होते. मात्र त्यातले टायस जोन्स आणि जहलिल ओकाफोर हे जुने मित्र ठरवून एकाच महाविद्यालयात आले होते. चौथ्या वर्षाच्या क्विन कुकने आपली पॉइंट गार्डची, म्हणजे खेळ आखणाऱ्याची, जागा जोन्ससाठी सोडली होती. गुणवत्तेला अशी जागा करून देणारा कुणीतरी लागतो.

२०२१ पासून खेळाडूला एक मोसम बाहेर न बसता महाविद्यालय बदलता येऊ लागले, आपल्या नावावर पैसेही मिळवता येऊ लागले. त्यामुळे अनुभव आता तयार मिळतो. २०२५ च्या विजेत्या फ्लोरिडाचे वॉल्टर क्लेटन, अलायजा मार्टिन आणि विल रिचर्ड हे तिघेही दुसऱ्या महाविद्यालयांतून आलेले. अंतिम सामन्यात पूर्वार्धात क्लेटनला एकही गुण मिळाला नाही. रिचर्डने सामन्यात एकूण १८ गुण घेऊन संघ तगवला. अखेरच्या क्षणी क्लेटननेच धावत जाऊन ह्यूस्टनला शेवटचा शॉट घेऊ दिला नाही आणि फ्लोरिडा ६५-६३ असे जिंकले.

भरतीसाठी फिरणाऱ्या प्रशिक्षकाने मुलाची उडी आणि नेम जरूर पाहावा. पण त्याचे शॉट पडत नसतात तेव्हा तो कसा खेळतो आणि दुसऱ्यासाठी आपली जागा सोडू शकतो का, हे त्याहून बारकाईने पाहावे. संघ जिंकतो तो या गुणांवर.