लांब रात्रीची बाग

२२ डिसेंबरच्या मध्यान्ही उज्जैनला क्षिप्रेच्या राम घाटावर उभं राहिलं, तर आपली सावली आपल्या उंचीहून किंचित लांब पडते. जूनमध्ये तीच सावली पायाखाली जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त इथून तीसेक किलोमीटरवरच आहे. हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस इथे १० तास ४१ मिनिटांचा आणि रात्र सव्वातेरा तासांहून मोठी. क्षिप्राकाठ असो की पुण्यातली सोसायटी, चारजण मिळून थंडीची बाग लावणार असतील तर त्यांनी आधी ऊन कुठे, किती वेळ येतं ते पाहावं. उन्हाळ्यात छज्ज्याच्या आड राहणारा दक्षिणेचा कट्टा आता उन्हात न्हातो.

आपण ऊन मोजतो, शेवंती अंधार मोजते! तिच्या पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य रात्रीची लांबी ओळखतं आणि ती पुरेशी वाढली की कळ्या धरतात. मध्यरात्री उजेड पडला तर सगळा हिशेब मोडतो. म्हणून शेवंतीच्या कुंड्या रस्त्यावरच्या दिव्याखाली कधीच मांडू नयेत. पालकाचं उलट आहे. दिवस लहान असेपर्यंत तो पानंच देत राहतो, दिवस मोठे झाले की तुरा काढतो.

उन्हाचा असा हिशेब श्री. अ. दाभोळकरांनी सामान्य माणसाच्या हाती दिला. ते गणिताचे प्राध्यापक. पीक म्हणजे पानांनी साठवलेलं ऊन, हे त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शिकवलं. तिथे प्रत्येकाने आपल्या वाफ्यात करून पाहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. तीच वाट पुढे दीपक सचदे यांनी माळव्यात, देवास जिल्ह्यातल्या बजवाड्याला चालवली. मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. पगारी माळी नसतानाही अशा बागा टिकतात, कारण एकाला उमगलेलं दुसऱ्याच्या कुंडीत लगेच उगवतं.

मला विचाराल तर सामूहिक वाफ्यात पहिला मान हरभऱ्याचा. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाची ओल खोलवर टिकते. मुळं तिच्यामागे जातात आणि पाण्याच्या पाळीवाचूनही पीक येतं. त्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, ते दवात मिसळतं. पहाटे पांढरं फडकं झाडांवरून फिरवायचं, पिळायचं, की झाली आंब! पोटाच्या तक्रारींवर जुन्या घरांतून ती बाटलीत भरून ठेवत.

एखादं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतला गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नातेवाइकाचा. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पचेल असा करतात. पण मोकळा ऑक्सिजन वाढला तर त्यांचं काम थांबतं, म्हणून हे लाल प्रथिन तो धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुरवतं. घाटे काढून झाले की बाकीची झाडं उपटू नयेत. बुंध्याशी कापावीत आणि मुळं पुढच्या भाजीसाठी मातीतच राहू द्यावीत.