पीटभूमीतील पर्यावरण आणि वनस्पतींची वाढ : मध्य कालिमंतानच्या संदर्भात

पाण्याने सदैव संपृक्त असलेल्या जमिनीत मृत वनस्पतींचे विघटन अपूर्ण राहते आणि त्यांचे अवशेष हजारो वर्षे थरावर थर साचत जातात. या सेंद्रिय संचयास पीट असे म्हणतात. पृथ्वीवरील भूभागापैकी केवळ ३ टक्के क्षेत्र पीटभूमीने व्यापलेले आहे. परंतु जगातील मृदेत साठलेल्या कार्बनचा अंदाजे ३० टक्के वाटा या अल्प क्षेत्रात आहे. अशा भूमीत वनस्पतींची वाढ कोणत्या घटकांवर अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात इंडोनेशियातील मध्य कालिमंतान प्रांताच्या उदाहरणाने केला आहे.

येथील पीट काही ठिकाणी १० मीटरपेक्षाही खोल असून नद्यांच्या दरम्यान तो घुमटासारखा उंचावलेला आहे. त्यामुळे नदीचा गाळ त्यावर पोहोचत नाही आणि वनस्पतींना पोषकद्रव्ये मिळतात ती प्रामुख्याने पावसातूनच. मृदेचा सामू ३ ते ४ इतका कमी असतो व मुळांना प्राणवायू दुर्मिळ असतो. तरीही येथे घनदाट अरण्य उभे राहिले. काही वृक्षांना कोकणातील तिवरांप्रमाणे श्वसनमुळे असतात, काहींना आधारमुळे. घटपर्णी तर नत्राची उणीव कीटकांपासून भरून काढते. या अरण्याची हिरवाई सुपीकतेचे लक्षण मानणे हीच मूलभूत चूक होय.

ती चूक शासकीय पातळीवर झाली. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या कारकिर्दीत १९९५ मध्ये सुमारे १० लाख हेक्टर क्षेत्रात भातशेती करण्याची योजना आखली गेली आणि ४,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खोदण्यात आले. पाणी उतरले, पण भात पिकला नाही. आम्लता तर होतीच. शिवाय पीटमधील सेंद्रिय पदार्थ तांबे घट्ट धरून ठेवतात व या सूक्ष्मद्रव्याच्या अभावी लोंब्यांत दाणा भरत नाही. जेथे पीटचा थर पातळ होता तेथे खालच्या मातीतील पायराइटचा हवेशी संबंध येऊन गंधकाम्ल तयार झाले. दुसरीकडे, कोरड्या पीटमध्ये हवा शिरताच थांबलेले विघटन सुरू होते आणि जमीनच खचू लागते. १९९७ च्या एल निनो वर्षात हा वाळलेला पीट पेटला. त्या वर्षी इंडोनेशियातील पीट व वनस्पती जळून ०.८१ ते २.५७ गिगाटन कार्बन वातावरणात गेला, असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

योजना गुंडाळली गेली, तरी कालवे राहिले व पाणी वाहून नेत राहिले. पुढे पीट पुनरुज्जीवनासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र शासकीय संस्था स्थापन झाली आणि कालव्यांवर बांध घालण्याचे काम हाती घेण्यात आले. वापरातील पीटभूमीत भूजलपातळी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये, असा नियमही करण्यात आला. भाताच्या दृष्टीने मात्र आम्लता आणि तांब्याची उणीव या अडचणी बांधांनी सुटत नाहीत. असे असूनही २०२० मध्ये याच क्षेत्राचा काही भाग अन्नधान्य उत्पादनासाठी पुन्हा निवडण्यात आला.