पन्नास अधिक वीस म्हणजे पाच हजार वीस! पुस्तकातून सॉफ्टवेअर शिकून धंदा करायचा असेल तर



मी बनवलेल्या पहिल्या सॉफ्टवेअरनं पहिल्याच दिवशी मंडपवाल्या अण्णांना सांगितलं, की तुमच्या ५०२० खुर्च्या बाहेर गेल्यात. अण्णांच्या गोडाऊनमध्ये खुर्च्या होत्या एकूण ४००. सकाळी ५० गेल्या, दुपारी २० गेल्या, आणि मी दोन चौकटींमधले आकडे अधिकचं चिन्ह देऊन जोडले. आता गंमत अशी, की चौकटीत टाइप केलेलं जे काही असेल ते प्रोग्रामच्या दृष्टीनं अक्षरं असतात. त्याला आधी 'हा आकडा आहे' असं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं ५० ला २० चिकटवून दिले.

हे पुस्तकात होतं बरं का. सुरुवातीच्याच प्रकरणात. ते पान मी घाईत उलटलं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "सर, क्लास न लावता नुसतं पुस्तक वाचून डेस्कटॉप सॉफ्टवेअर शिकता येईल का? आणि ते विकून दोन पैसे मिळतील का?" शिकता येतं, मी स्वतः तसाच शिकलो. पैशाचं मात्र थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण पुस्तक जिथे संपतं तिथून गिऱ्हाईक सुरू होतं.

माझं साल २००६. दिवसा एका ऑफिसात डेटा एंट्री, रात्री अभ्यास. पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौकात चक्कर ठरलेली, तिथूनच व्हिज्युअल बेसिक ६ चं पुस्तक आणलं. मागच्या कव्हरला आतून सीडी चिकटवलेली. व्हिज्युअल बेसिक मायक्रोसॉफ्टनं १९९१ मध्ये आणलं आणि सहावी आवृत्ती १९९८ ची. त्याआधी विंडोजची एक साधी खिडकी पडद्यावर आणायला सी भाषेत पानभर कोड लिहावा लागायचा. इथे माऊसनं फॉर्मवर बटण काढायचं, त्यावर डबल क्लिक करायचं आणि 'हे दाबल्यावर काय व्हावं' एवढंच लिहायचं. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला ते जमलं, ते यामुळेच.

आज तुम्ही सुरू करत असाल तर ते पुस्तक घेऊ नका. रद्दीत पन्नास रुपयांना मिळालं तरी नको. आज पायथन घ्या. ते फुकट आहे, खिडक्या आणि बटणं बनवायचं टीकेइंटर त्याच्यासोबतच येतं, आणि नोंदी साठवायला एसक्यूलाइटही त्यातच असतं. या तिन्हींवर बनवलेला प्रोग्राम विकायला कुणाची परवानगी लागत नाही. पुस्तक पायक्यूटीचं असेल तर मात्र आधी लायसन्स वाचा. स्वतःचा कोड न देता प्रोग्राम विकायचा असेल तर त्याचं वेगळं लायसन्स विकत घ्यावं लागतं. सी शार्पही चांगलं आहे, एकट्यानं काम करणाऱ्याला व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते.

पायथनचं पुस्तक घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा. प्रिंट या शब्दापुढे कंस नसेल, किंवा टीकेइंटरचा टी कॅपिटल छापला असेल, तर ते पायथन २ चं पुस्तक. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. त्यातली उदाहरणं जशीच्या तशी चालणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल आपल्यालाच जमत नाही.

वाचायचं कसं

पुस्तक मांडीवर घेऊन वाचायचं नाही, कॉम्प्युटरच्या शेजारी उघडं ठेवायचं. कोड कॉपी-पेस्ट करायचा नाही, हातानं टाइप करायचा. चुका होतील, होऊ द्या, शिकणं तिथेच आहे.

एक चूक प्रत्येकाची होते, तुमचीही होईल. 'जतन करा' बटणाला तुम्ही तुमचं फंक्शन जोडाल आणि नावापुढे सवयीनं कंस टाकाल. मग प्रोग्राम उघडताक्षणी नोंद जतन होईल आणि बटण दाबलं तर काहीच होणार नाही. का? कंस टाकला म्हणजे 'आत्ता कर' असं सांगितलं. बिनकंसाचं नाव म्हणजे 'दाबल्यावर हे कर'. डेस्कटॉप प्रोग्रामचा सगळा स्वभाव यात आला. तो स्वतःहून धावत नाही. काउंटरवरच्या पोऱ्यासारखा उभा राहून वाट बघतो, गिऱ्हाइकानं मागितलं की हलतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची शंभर पानं सोपी जातात.

दुसरी चूक मांडणीची. एकाच चौकटीत पॅक आणि ग्रिड या दोन्ही पद्धती वापरल्या की प्रोग्राम एरर देतो. पहिल्या दिवसापासून ग्रिड धरा.

पुस्तकात कॅल्क्युलेटर असेल, नोटपॅड असेल, चेंडू उड्या मारणारा खेळ असेल. कॅल्क्युलेटर करा, खेळ सोडा, आणि थेट डेटाबेसच्या प्रकरणावर जा. तिथे कमिट नावाचा एक शब्द आहे. नोंद टाकली, यादीत दिसली, पण कमिट केलं नाही आणि प्रोग्राम बंद झाला, तर नोंद गेली. दुसऱ्या दिवशी दुकानदार विचारेल, "काल तर दिसत होतं की!"

अण्णांचा मे महिना

आता जे सांगतो ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

अण्णांचा धंदा मंडप, खुर्च्या आणि भांडी भाड्यानं द्यायचा. कोणाकडे किती पातेली गेली, डिपॉझिट किती, परत किती आली, फुटलं-हरवलं किती, हे सगळं वहीत. मी त्यांना प्रोग्राम दिला, ३,००० रुपये घेतले. महिनाभर चालला. ऐन लग्नसराईत अण्णांनी माझ्यावर विश्वास ठेवून वही बंद केली.

लोडशेडिंगचे दिवस होते. एका दुपारी नोंद चालू असतानाच लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. लाईट आल्यावर ॲक्सेसची फाइल उघडेना. दुरुस्तीची जी सोय त्यात असते ती तीन-चार वेळा चालवली, अर्धवट नोंदी आल्या. माझ्याकडची शेवटची कॉपी एकवीस दिवसांपूर्वीची. एकवीस दिवसांत किती लग्नं होतात मे महिन्यात, तुम्हीच हिशोब करा.

अण्णांनी आठवेल त्या प्रत्येकाला फोन केले. बहुतेकांनी सामान आणून दिलं. काही जण म्हणाले, आम्ही तर कधीच परत केलं. दोन मोठी तांब्याची पातेली आणि साठेक खुर्च्या कुठे गेल्या ते आजही माहीत नाही. मी ३,००० रुपये परत द्यायला गेलो. अण्णा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "पोरा, लाईट गेली म्हणून वही कोरी होत नाही बघ."

दीड वर्ष त्यांनी त्या कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली होती.

त्यानंतर मी ठरवलेली रीत सांगतो. प्रोग्राम बंद करताना आपोआप डेटाची कॉपी झाली पाहिजे, तारखेच्या नावानं, आणि ती दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे पेनड्राइव्हवर. त्याच डिस्कवरची कॉपी ही कॉपी नव्हे. एसक्यूलाइट मध्येच लाईट गेली तरी फाइल सांभाळण्याच्या हिशोबानं बनवलेलं आहे, पण हार्डडिस्कच मेली तर ते तरी काय करणार! आणि पहिले तीन महिने गिऱ्हाइकाची वही बंद करायची नाही. ते स्वतः म्हणाले तरी नाही. रोज संध्याकाळी वही आणि पडदा शेजारी ठेवून जुळवायचं.

पैशाचे आकडे साठवताना पैसे या एककात पूर्णांक साठवा, १०.५० ऐवजी १०५०. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तर ०.३ च्या पुढे भलीमोठी शेपटी लावून येतं. एका बिलात कळत नाही, वर्षाच्या बेरजेत चार पैशांचा फरक पडतो आणि त्या चार पैशांसाठी सीए तुम्हाला फोन करतो.

आणि डिलीटचं बटण! पुस्तकातल्या ॲड्रेस बुकमध्ये ते असतंच. बिलाच्या प्रोग्राममध्ये ठेवू नका. जीएसटीच्या बिलाचे नंबर सलग लागतात, एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊन चालत नाहीत, आणि नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. मधलं बिल गायब झालं तर उत्तर दुकानदाराला द्यावं लागतं. बिल 'रद्द' असा शिक्का मारून तसंच राहू द्यायचं.

मग विकायचं काय?

अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बनवायला जाऊ नका. टॅली १९८० च्या दशकापासून त्यात आहे आणि सीएला तेच हवं असतं. तुम्ही अशी वही शोधा जी तयार सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. मंडपवाल्याची जावक-आवक. शिलाईवाल्या ताईंची मापं आणि द्यायच्या तारखा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे कोणाची मोटर कधी आली. वाचनालयाची वर्गणी. ही कामं छोटी आहेत, मोठ्या कंपन्या तिकडे फिरकत नाहीत, आणि पहिलं पुस्तक संपवलेला माणूस ती करू शकतो.

मर्यादाही आधीच सांगा. हा प्रोग्राम एका कॉम्प्युटरवर चालेल. मालकाला घरून मोबाईलवर बघायचं असेल तर हा त्यातला नाही. दोन काउंटर असतील आणि एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवर ठेवून दोन्हीकडून वापरायची म्हणाल तर नको, फाइल बिघडू शकते. प्रोग्रामची ईएक्सई बनवायला पायइन्स्टॉलर वापराल तेव्हा कधीकधी अँटीव्हायरस तिलाच व्हायरस समजून उडवतो. म्हणून स्वतः जाऊन बसवून द्या, फोनवर सांगून नाही. मराठी नावांची यादी सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये उघडली आणि अक्षरांचा चिवडा दिसला तर घाबरू नका, फाइल यूटीएफ-८-सिग या प्रकारात लिहा.

पैसे प्रोग्रामचे कमी आणि येण्या-जाण्याचे जास्त घ्या, म्हणजे वर्षाची देखभाल ठरवून. माझं पहिलं चुकलं ते इथेही. एकदा ३,००० घेतले आणि मग महिनाभर रोज फुकट चकरा. आणि हो, नोकरी सोडू नका. तीन गिऱ्हाइकांनी दुसऱ्या वर्षाचे देखभालीचे पैसे न मागता दिले, की मग घरी विषय काढा.

अण्णांकडे मी २००८ च्या दिवाळीनंतर पुन्हा गेलो, नवीन प्रोग्राम घेऊन. त्यांनी चादर काढू दिली, पण वही बंद केली नाही. आता त्यांचा मुलगा धंदा बघतो, प्रोग्राम माझाच तिसरा आहे, आणि काउंटरवर लाल वही अजूनही असते.

पुढच्या व्हिडिओत आपण एकच फॉर्म बनवणार आहोत: गेलेलं सामान, आलेलं सामान, बाकी. त्याआधी पायथन इन्स्टॉल करून ठेवा. इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथ'मध्ये जोडण्याची एक छोटी चौकट असते, तिच्यावर टिक करायला विसरू नका. आणि तुमच्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या वहीच्या एका पानाचा, त्यांना विचारून, फोटो काढून आणा.