रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’ नव्हे

समजा, तुम्ही आपल्या प्रयाग चिखली, आंबेवाडी भागात किंवा शिरोळ तालुक्यात पुराचा अभ्यास करताय आणि प्रश्नावलीचं वेबपेज स्वतःच बनवलंय. प्रश्न साधा आहे: घरात पुराचं पाणी कोणत्या वर्षी आलं? खाली चार चेकबॉक्स: २००५, २०१९, २०२१ आणि ‘एकदाही नाही’. एकाच घरात तिन्ही वेळा पाणी आलेलं असू शकतं, म्हणून चेकबॉक्स.

आता ही चौथी चौकट कशाला, असं वाटेल. कारण टिक न केलेला चेकबॉक्स फॉर्म सबमिट होताना सर्व्हरकडे काहीच पाठवत नाही. ‘नाही’ असंही नाही. त्याचं नावसुद्धा जात नाही. म्हणजे ज्यांनी प्रश्नच सोडून दिला आणि ज्यांच्या घरात पाणी आलंच नाही, त्या दोघांची नोंद सारखीच दिसते. पुढे एक्सेलमध्ये कुणी सरसकट शून्य भरलं, की कोरडी घरं फुकटात वाढली!

पण मग कुणी २०१९ आणि ‘एकदाही नाही’ दोन्हीवर टिक करू शकतं. इथे जावास्क्रिप्ट लागते. प्रत्येक चौकटीच्या ‘चेंज’ इव्हेंटवर लक्ष ठेवायचं. ‘एकदाही नाही’ निवडलं की तिन्ही वर्षांची ‘चेक्ड’ प्रॉपर्टी फॉल्स करायची. वर्ष निवडलं की ‘एकदाही नाही’ची टिक काढायची. आठ-दहा ओळींचं काम आहे.

अडतं ते पुढे. स्क्रिप्टने टिक बदलली, तर ‘चेंज’ इव्हेंट आपोआप घडत नाही. २०१९ वर टिक केल्यावर ‘पाणी किती फूट होतं?’ हा उपप्रश्न उघडत असेल, तर टिक स्क्रिप्टने काढल्यावर तो तसाच उघडा राहतो. म्हणून सगळ्या चौकटी बघून पान ठरवणारं एकच फंक्शन लिहा आणि प्रत्येक बदलानंतर तेच बोलवा.

काही जण बाकीच्या चौकटी डिसेबल करतात. मला ते पटत नाही. मोबाइलवर भरणाऱ्याला वाटतं, फॉर्म अडकला. शिवाय डिसेबल केलेल्या चौकटीवर टिक असली तरी ती सर्व्हरकडे जात नाही.

आणि २०१० मध्ये लग्न होऊन त्या घरात आलेल्या बाईला २००५ चं कसं माहीत असणार? असे लोक बरेच असतील, तर चेकबॉक्स सोडाच. प्रत्येक वर्षासमोर हो, नाही, माहीत नाही अशी तीन रेडिओ बटणं द्या. आधी एकही निवडून ठेवू नका.