मोबाइलचा डिस्प्ले बदलताना

फुटलेला डिस्प्ले बदलायला गेलेल्या गिऱ्हाइकाला एकाच मॉडेलसाठी तीन-चार भाव सांगितले जातात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग नगाच्या किमतीत कित्येकदा दुपटीहून जास्त अंतर असते. काउंटरवर मात्र बंद स्थितीतले सगळे नग सारखेच काळे दिसतात. फरक असतो तो आतल्या थरांत.

सर्वांत वर कठीण काच, तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा टच, त्याखाली चित्र उमटवणारे पॅनेल, आणि हे सारे एकजीव करणारा पारदर्शक गोंदाचा थर अशी डिस्प्लेची रचना असते. दुरुस्तीच्या दुकानात या संपूर्ण संचाला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. पॅनेल दोन जातींचे असते. एलसीडीत द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत, त्यांच्यामागे बॅकलाइट सतत जळत असतो. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळा रंग दाखवायचा असेल तेव्हा विझतो. त्यामुळे ओएलईडी पातळ असते आणि तिच्यातला काळा खरोखर काळा दिसतो.

पडद्याच्या दुरुस्तीचे गणित टीव्हीच्या काळात वेगळे होते, आणि चितेगावाचे पडद्याशी नाते त्या काळापासूनचे आहे. छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरच्या, पैठण तालुक्यातल्या या गावात टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना होता आणि व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालयही इथेच होते. पिक्चर ट्यूबच्या त्या काळात टीव्ही बिघडला की मेकॅनिक बहुधा सर्किट बोर्डावरचा एखादा कपॅसिटर बदलून काम भागवी. ट्यूबला हात लावायची वेळ क्वचित येई. खिशात फिरणाऱ्या फोनमध्ये हे गणित उलटले. सर्वांत जास्त मार खाणारा भाग तोच सर्वांत महागड्या भागांपैकी एक, आणि तोही चिकटवलेला. व्हिडिओकॉनने २००९ मध्ये मोबाइलही बाजारात आणले. जून २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. एखादा ब्रँड बाजारातून गेला की त्याच्या फोनला कंपनीचा सुटा भाग मिळणे दुरापास्त होते आणि कॉपी किंवा जुन्या फोनमधून काढलेला नग एवढेच पर्याय उरतात.

चालू ब्रँडांच्या बाबतीत निवड अधिक असते. कंपनीच्या सीलबंद खोक्यात येणारा सर्व्हिस पॅक हा सर्वांत भरवशाचा नग. दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेले मूळ पॅनेल, तर तिसरा म्हणजे मूळ पॅनेलवर नवी काच बसवून पुन्हा विकायला आलेला संच. हे तिन्ही नग ‘ओरिजिनल’ म्हणूनच खपतात, म्हणून नुसता ‘ओरिजिनल आहे का’ हा प्रश्न अपुरा पडतो. त्याखालोखाल बाहेरच्या कारखान्यांत बनलेली ओएलईडी पॅनेले येतात. त्यांतली सॉफ्ट जात लवचीक प्लास्टिकच्या पायावर असते, हार्ड जात काचेच्या पायावर. हार्ड स्वस्त पडते, पण तिच्या कडा बहुधा जाड असतात आणि फोन पडल्यावर ती लवकर तडकते. सर्वांत खाली एलसीडीची कॉपी; टच पॅनेलच्या आतच असेल तर तिला इनसेल म्हणतात.

खरी फसगत होते ती ओएलईडीच्या फोनवर एलसीडीची कॉपी बसवल्यावर. बॅकलाइटमुळे संच जाड होतो आणि काही फोनांत फ्रेममध्ये नीट बसत नाही. गडद पार्श्वभूमी ठेवून बॅटरी वाचवण्याचा फायदा जातो. पडद्याखालचा प्रकाशावर चालणारा फिंगरप्रिंट सेन्सर चालेनासा होतो, कारण त्याला लागणारा उजेड पॅनेलमधून आरपार यावा लागतो आणि बॅकलाइटचा थर तो अडवतो. अशा फोनवर वाचवलेले पैसे ही बचत नव्हे. उलट फोन मुळातच एलसीडीचा आणि स्वस्तातला असेल, तर चांगल्या प्रतीची कॉपी लावणे पूर्णपणे शहाणपणाचे आहे. तिथे बघायचे ते फक्त उजेड आणि टच.

चित्र स्वच्छ आहे, टच चालतो आहे आणि फक्त वरची काच तडकली आहे, अशा वेळी संपूर्ण फोल्डर बदलायची गरज नसते. तापत्या प्लेटवर फोल्डर ठेवून बारीक तारेने जुनी काच सोडवतात, नवी काच निर्वात यंत्रात चिकटवतात आणि राहिलेले बुडबुडे दाबाखाली काढतात. मूळ पॅनेल टिकत असल्याने हा उत्तम मार्ग. मात्र तार किंचित खोल गेली तर पॅनेलच जाते, आणि वक्र कडांच्या ओएलईडीत हा धोका मोठा असतो. पॅनेल गेल्यास भरपाई कोणाची, हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्यावे.

पारख नग चिकटवण्याआधी करायची. शहरातल्या मोबाइल बाजारात असो की गावातल्या एकट्या दुकानात, जाणता कारागीर नवा डिस्प्ले आधी नुसता जोडून दाखवतो. पूर्ण पांढऱ्या चित्रावर मेलेले बिंदू आणि कडेचे डाग दिसतात. फिक्या करड्यावर, जुन्या ओएलईडीत कायमचे उमटलेले कीबोर्डचे ठसे उठून येतात. अंधाऱ्या कोपऱ्यात काळे चित्र लावले की एलसीडीची राखाडी झाक उघडी पडते. ओएलईडी म्हणून दिलेला एलसीडीचा नग ओळखण्याची याहून सोपी रीत नाही. एखादे चिन्ह बोटाने धरून पडदाभर फिरवावे. ते जिथे सुटते तिथे टच मेलेला असतो. सॅमसंगच्या अनेक फोनांत *#०*# दाबल्यावर तपासणीचा स्वतंत्र मेनू उघडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे झगझगीत वाटतात, म्हणून एकदा बाहेर उन्हात नेऊन बघावे. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात मंद पॅनेलवर फोन कुणाचा आला हेही वाचता येत नाही.

आयफोनची गोष्ट वेगळी. आयफोन ११ पासून बाहेरचा डिस्प्ले बसवल्यास सेटिंग्जमध्ये तशी सूचना येते, आणि ट्रू टोन ही रंग जुळवणारी सोय जाऊ शकते. ही सूचना जुना आयफोन विकत घेणाऱ्यालाही दिसते.

नग कितीही चांगला असला तरी बसवणी वाईट असेल तर तो टिकत नाही. फ्रेम वाकलेली असताना वरून डिस्प्ले दाबला की काही दिवसांत कोपऱ्यातून तडा जातो. जुना गोंद खरवडून काढणे, नवा सुकेपर्यंत फोन चिमट्यांत धरून ठेवणे याला वेळ लागतो. तो कारागिराला द्यायला हवा. उघडलेला फोन पूर्वीइतका पाणी रोखेल असे धरून चालू नये.

बिलावर नगाचा प्रकार आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्यावेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दुरुस्तीच्या सेवेलाही लागू आहे आणि तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. सहभागी कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती तिथे मिळते. काढलेला जुना डिस्प्ले मागून घ्यावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करायला सांगावी. काच फुटली तरी आतले मूळ पॅनेल चालू असेल, तर त्याला बाजारात गिऱ्हाईक असते.